काटा नसलेली गरी

मे महिन्यात आमच्या खोलीत कूलर लावत नाहीत.
पंखाही नाही. पिसं उडतात.
पाचपावलीच्या पुलाजवळ, टिनाच्या छपराखाली
सात बाया, सात वाइस, शेहेचाळीस अंश,
आणि श्वाससुद्धा
तोंड बाजूला करून सोडायचा.

मी माश्या बांधते.
बँकेतल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, व्यवसाय?
माश्या, म्हटलं.
मासे?
नाही हो, माश्या.
त्यांनी 'गृहउद्योग' लिहून टाकलं.

सोळा नंबरचा हुक.
कोंबड्याच्या मानेचं पीस, सक्करदऱ्याच्या बाजारातलं,
धुतलेलं, वाळवलेलं, धुरकट रंगात बुडवलेलं.
सशाच्या कानाचे केस पाकिटातून येतात.
मोरपीस नाही, त्याला कायद्याची बंदी आहे.
दोन वेढे मागे, तीन पुढे, गाठ, लाखेचा थेंब.
ही माशी खरी असती
तर म्हणे एकच दिवस जगली असती.
मी दिवसाला नव्वद करते.
डझनाला बावीस रुपये.

भिंतीवर कॅलेंडर आहे, गिऱ्हाइकानं पाठवलेलं.
डोंगरातली नदी, तळाचा गोटा न् गोटा दिसतो,
आणि कमरेपर्यंत पाण्यात एक म्हातारा,
काठी वर, दोरी हवेत,
पाण्याला अजून टेकायची आहे.
पान कुणी उलटत नाही.
नंदा मेश्राम म्हणते,
दोन वर्षं झाली, याला काही लागलंच नाही ग!
दुपारी तीनला छप्पर तापून तडतडतं
तेव्हा मी फक्त त्याच्या कमरेकडे बघते,
जिथवर पाणी आलंय तिथे.

एक माशी बाबाला नेऊन दाखवली.
बाबा ढिवर. पन्नास वर्षं कन्हानमध्ये जाळं.
चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ती चिमटीत धरली,
अंगठ्यानं टोक चाचपलं.
"काटा कुठी हाये?"
काटा नसतो बाबा. टोकच असतं नुसतं. लागलेला मासा सोडून देतात.
"सोडून देते?"
हो.
"मंग पकडते कायले?"
आमच्या ऑर्डरच्या कागदावर सगळं असतं,
शेपटी किती, पंख किती, मान किती बारीक.
हे नव्हतं.
"हे गरी नाही," बाबा म्हणाला, "गुदगुल्या हायेत."

माशांची नावं विचारली त्यानं.
ट्राउट, म्हटलं. अंगावर ठिपके.
आणि ग्रेलिंग. पाठीवर शिडासारखा पर,
अन् अंगाला ओव्याचा वास, असं सांगतात.
बाबा इतका हसला की ठसका लागला.
"ओवा तं आपण टाकतो ना बाई, कढईत!"
मग बराच वेळ नुसता बसला.
जेवताना, मधेच, भाकरी मोडता मोडता म्हणाला,
"वास घेऊन सोडून देत असतीन."

रविवारी कामठीच्या पुढे, खडकांपाशी गेलो आम्ही.
कन्हान हडकली होती, घोट्याएवढी धार,
पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर धूत होतं.
माझ्याजवळ रिजेक्ट झालेली एक, डावा पंख वाकडा.
बांबू, नायलॉनची दोरी.
बाबाला वजनाशिवाय फेकणं जमेना,
दोनदा दोरी त्याच्याच टोपीवर आली,
आणि शिव्या त्यानं माझ्या मालकाला घातल्या.
तिसऱ्यांदा ती पाण्यावर बसली.
बसली, म्हणजे खरंच बसली,
पाय टेकून.

पाणी एकदा फुटलं.
बोटाएवढी चांदी, तळहातावर आली,
एक उडी,
आणि काटा नव्हताच धरायला.

बाबा रिकाम्या हाताकडे बघत राहिला.
मला वाटलं आता बोलेल काहीतरी.
त्यानं बोटं नाकाशी नेली.
"शेवाळ," म्हणाला.
पुन्हा नेली.
"अन् जरासं लोखंड."